लाल पेन माझ्याकडे

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. वार सोमवार, आणि सोमवारी सकाळी आमच्या घरी फोन वाजला की तो कुणाचा हे विचारायची गरज नसायची. आमचे मेहुणे दिगंबरराव, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फवारणी पंपाच्या छोट्या कारखान्याचे मालक, दर सोमवारी फोन करायचे, "दाजी, मिटिंग आहे, बराबर अकराला या," आणि मी कित्येक महिने दर सोमवारी तितक्याच नेमाने नाही म्हणत होतो. त्या दिवशी मात्र पलीकडून त्यांची मुलगी रेवती बोलली. "काका..." एवढंच म्हणाली. बापाने आता पोरीला पुढं केलं, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी तिला तोंडच उघडू दिलं नाही. म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, मी येत न्हाई म्हंजे न्हाई. बोर्ड पुसून टाक म्हणावं आन् निवांत झोप म्हणावं." ती हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबा गेले. आत्ताच. आत्याला सांगा."

गालावरचा साबण वाळून ताणायला लागला तरी मी फोन धरून तसाच बसून होतो. कुसुम, आमची मंडळी, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फक्त माझ्या बाजूचं बोलणं ऐकलेलं. म्हणाली, "दादाला असं तोडून बोलत जाऊ नका हो."

याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे शब्दांना आधी आंघोळ घालून, शुभ्र कपडे नेसवून आणायचं असतं. मला ते जमत नाही. दिगंबरराव मनाने सज्जन होते, हे मी इथेच मान्य करून टाकतो, म्हणजे उरलेल्या जागेत त्यांच्या बोर्डाबद्दल बोलता येईल. कारण हा माणूस आठवायचा आणि बोर्ड वगळायचा, हे मला शक्यच नाही. आणि त्या बोर्डाबद्दलचं माझं मत ते गेले म्हणून तसूभरही बदललेलं नाही. इतकं निरुपयोगी आणि वर इतका तोरा असलेलं यंत्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही. काही माणसं असतात तशी, पण ती निदान कधीतरी रजेवर जातात.

जालना वेगळा जिल्हा झाला त्याच साली माझं लग्न झालं. आम्ही आष्टीचे, सासुरवाडी जालन्यात मस्तगडला. वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर हौशी निघाला आणि आम्ही ठरल्यापेक्षा पुष्कळ आधी मांडवात पोचलो. दारातच एक काळा फळा उभा केलेला, जवळच्या शाळेतून मागून आणलेला. त्यावर तीन रंगांच्या खडूंनी अख्खं लग्न लिहिलेलं. कोण कुठे बसणार, कोणती पंगत कधी, आहेर कुणी आणायचा, नवरदेवाची घोडी कुठे बांधायची. एका ओळीत होतं, 'वऱ्हाडाचे आगमन, चहा : ११'. माझे मामा उन्हातान्हातून आलेले, ते फळ्याशेजारी उभ्या असलेल्या पँटशर्टातल्या तरुणाला म्हणाले, "पाव्हणं, जरा चहाचं बघा की."

"अकराला आहे," तो तरुण म्हणाला.

"आवो पण आम्ही तर येऊन राह्यलो इथं समोर."

"तुम्ही आले असाल मामा. फळ्यावर अजून आले न्हाईत."

तेच दिगंबरराव. अकरा वाजेपर्यंत माझं सगळं वऱ्हाड चुलीवर उकळणाऱ्या चहाचा नुसता वास घेत बसून होतं. मामा पुढे हयातभर आमच्या सासुरवाडीचा उल्लेख 'ते फळ्यावाले' असाच करत राहिले. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, की या माणसाच्या लेखी जे लिहिलंय ते घडतंय, आणि जे घडतंय ते कुणीतरी लिहून घ्यायचं राहून गेलंय. पण नवरदेवाचं लक्ष त्या दिवशी फळ्याकडे कुठून असणार.

सासऱ्यांचा पितळी फवारणी पंपांचा कारखाना मस्तगडच्या एका मागच्या गल्लीत होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार माणसं पितळी टाक्या ठोकत बसलेली. मी बी.ए.च्या परीक्षेत गटांगळ्या खाऊन किनाऱ्याला लागलेला, त्यामुळे सासऱ्यांनी मला विक्रीला घेतलं. घरजावई नव्हतो, पण दुकानजावई झालो. काम सोपं होतं. पाण्याने भरलेला पंप पाठीवर घ्यायचा, भोकरदनच्या किंवा परतूरच्या बाजारात उभं राहायचं, दिवसभर दांडा मारायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर फवारा उडवून त्याला थांबवायचं. काही जण शिव्या द्यायचे, काही जण पंप घ्यायचे, काही दोन्ही करायचे. वर्षानुवर्षं हे करून पट्ट्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर काळे वळ उमटवले. सदरा काढला की मी बैलाच्या जातीचा दिसतो. कुसुम सुरुवातीला त्यावर तेल चोळायची, पुढे म्हणायला लागली, "राहू द्या आता, मोहर हाय ती आमच्या घराची."

दिगंबरराव तोवर पुण्याला एका मोठ्या कारखान्यात नोकरीला होते. सासरे गेल्यावर ते परत आले, कारखाना औद्योगिक वसाहतीत नेला आणि येताना पुण्याहून सामानाबरोबर शब्दही घेऊन आले. प्लॅनिंग. टीम. प्रॉडक्ट. आम्ही ज्याला आजवर पंप म्हणत होतो त्याला ते प्रॉडक्ट म्हणायचे, आणि मी, फिटर रफिकभाई आणि ते स्वतः, असे आम्ही तिघं मिळून टीम होतो. सुरुवातीला मी हसलो. मग हसू ओसरलं, कारण बाजारात बाहेरचे प्लास्टिकचे पंप यायला लागले. हलके, रंगीत, स्वस्त. पितळी पंप शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. आता काहीतरी नवं काढणं भाग होतं, हे मलाही कळत होतं. दिगंबररावांना तर दुसरंही कारण होतं. बाजारात त्यांना कुणी हाक मारली तर ती 'बापाचा पंप विकणारा दिगू' अशीच असायची. एकदा भोकरदनहून येताना गाडीत ते मला म्हणाले, "दाजी, आयुष्यात एक तरी पंप असा काढीन की लोक म्हणतील, हा दिगूचा. एकच. जास्त न्हाई मागून राह्यलो मी." मला तेव्हा भरून आलं होतं. त्यापुढच्या महिन्यात त्यांनी पंपाऐवजी बोर्ड आणला.

तो बोर्ड आला त्या दिवशी वसाहतीतले शेजारचे कारखानदारसुद्धा बघायला आले. पांढराशुभ्र, भिंतभर, खाली एक पेटी. त्यावर पेनाने लिहायचं, बटण दाबायचं, की आतला पांढरा पडदा घरंगळत बाजूला सरकायचा आणि खालच्या पेटीतून सगळं लिहिलेलं कागदावर छापून बाहेर यायचं. डिजिटल आहे, असं दिगंबरराव प्रत्येकाला सांगायचे. कुणी 'म्हंजे?' विचारलं की परत बटण दाबायचे. बहिणीच्या हातून पूजा व्हावी म्हणून कुसुमला बोलावलेलं. तिने नारळ वाढवला, आणि आपण नव्या गाडीला, नव्या कपाटाला लावतो तशी ओली दोन बोटं कुंकवात बुडवून बोर्डाच्या कोपऱ्यात ठसा उमटवला. मशीन बसवायला आलेला माणूस ओरडलाच, "अहो ताई, पृष्ठभाग खराब होतो!" तो खिशातून फडकं काढून पुढे आला, तर दिगंबररावांनी त्याचा हात धरला. "राहू द्या. तेवढी जागा सोडून लिहू." कुंकू त्या पांढऱ्या पडद्यात जे मुरलं ते कायमचं.

मग सुरू झाल्या मिटिंगा. पुण्यात त्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात म्हणे, कारखान्यात त्याला वादळ म्हणायला लागले. "साहेबांचं वादळ किती वाजता हाय?" असं पॅकिंगला असलेल्या बायका नोझल डब्यात भरता भरता विचारायच्या. वादळाची वेळ खरं तर दिगंबरराव ठरवत नसत, वीज मंडळ ठरवायचं. भारनियमनाचं वेळापत्रक बघून मेंदूला चालना द्यायची. तरीही कितीदा तरी असं झालं की पडदा अर्धा सरकला आणि वीज गेली. अर्धं नियोजन समोर, अर्धं पलीकडे. मग आम्ही समोरच्या अर्ध्यावर चर्चा करायची, की वीज येईपर्यंत गप्प बसायचं, यावर चर्चा करायचो.

नियम कडक होते. कुठलीही कल्पना वाईट नसते, हा पहिला नियम. माझ्या मते सगळ्या अनर्थाचं मूळ हेच. कल्पना वाईट नसते म्हटल्यावर माणसाला लाज राहत नाही. चांगले संसारी रफिकभाई, शब्द बोलायचे तर नखाएवढा, ते बोर्डासमोर उभे राहिले की कवी व्हायचे. त्यांनी पंपाला छत्री लावली. मग पंपात रेडिओ बसवला. मग शेतकऱ्याला एकटं वाटू नये म्हणून दोन माणसांनी मिळून उचलायचा पंप काढला. दिगंबरराव प्रत्येक कल्पना सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि म्हणायचे, "बहोत खूब, और?" हिरवं पेन कल्पनेचं. लाल पेन अडचणीचं. निळ्या पेनाने ज्याचा हात बोर्डावर पडला, ते काम त्याचं. हिरवं त्यांच्याकडे असायचं. निळ्याला कुणी सहसा शिवायचं नाही. लाल पेन पहिल्या दिवसापासून माझ्याकडे.

"दाजींइतक्या अडचणी कुणाला दिसत न्हाईत," ते म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता, हेच तर अपमानाचं होतं.

मीही मग जीव ओतून अडचणी लिहायचो. छत्री वाऱ्याने उलटेल. रेडिओत औषध जाईल. दुसरा माणूस कुठून आणायचा. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा वळणदार, आणि मी खुर्चीवरून उठून बोर्डाकडे जायचो तेव्हा, आता खरं सांगतो, चाल थोडी बदलायची. पण गंमत पुढे आहे. त्या मशीनला लाल रंग दिसतच नव्हता. हिरवं, निळं काळ्या अक्षरात ठळक छापून यायचं, आणि माझ्या लाल अडचणींच्या जागी कागदावर नुसता पांढरा उजेड. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागद उन्हात धरून पाहिला. काही नाही. फक्त कल्पना. छत्री, रेडिओ, दोन माणसं, एकही अडचण नसलेलं सुखी प्रॉडक्ट. मी दिगंबररावांना दाखवलं. ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "किती छान दिसून राह्यलंय ना दाजी, असं?"



सोमवारच्या मिटिंगला कुसुम मला इस्त्रीचा सदरा काढून ठेवायची. तिच्या भावाच्या कारखान्यात चुरगळलेल्या सदऱ्याने गेलेलं तिला चालत नसे. एका सोमवारी मी तसाच कडक सदऱ्यात बसलेलो, समोर बोर्ड कोरा. दिगंबरराव हिरवं पेन गालावर टेकवून माझ्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "दाजी, सदरा काढा."

"काय?"

"सदरा काढा म्हणतो. खांदा पाहू."

रफिकभाईंनी दार लोटलं, पण खिडकी उघडीच होती आणि पॅकिंगच्या बायका एकीवर एक रेलून आत बघत होत्या. पन्नाशीला टेकलेला जावई, बनियनवर, पाठ करून उभा. दिगंबररावांनी माझ्या खांद्यावरचा वळ बोटाने चाचपला, टेपने मोजला आणि बोर्डावर माझी पाठ काढली. चित्रकला त्यांची भयाण. माझी पाठ कपाटासारखी आली. त्यावर त्यांनी दोन वळ काढले, आणि मग कमरेपाशी एक आडवा पट्टा. म्हणाले, "वजन खांद्यावर कामून? वजन कमरेवर घ्यायचं. पट्टा कमरेला, खांद्याला नुसता आधार. दिवसभर फवारा, खांदा बोलणार न्हाई." त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी शहाणपणाचं बोललं गेलं. मी लाल पेन उघडलं, काहीतरी लिहायला हवं म्हणून, आणि मला काहीच सुचलं नाही. शेवटी लिहिलं, 'जावयाला थंडी वाजते.' तेही छापून आलं नाही.

इथे हा लेख संपला असता तर दिगूचा पंप बाजारात आला असता आणि मी त्यांच्या बोर्डाची आरती लिहिली असती. पण बोर्ड होता ना! आता वर्षभराचं नियोजन आलं. साचा कोण करणार, पट्ट्याचं कापड कुठलं, नमुना कधी, पावसाळ्याआधी माल कधी. त्यात आठवडेच्या आठवडे गेले. अखेर एका दिवशी सगळं एकाच बोर्डावर मावलं, निळ्या पेनाने कामं वाटून झाली, बटण दाबलं, वीज गेली नाही, आणि नियोजन बाहेर आलं. दिगंबररावांचे डोळे भरले. त्यांनी लगेच बोर्ड पुसला, कारण बोर्ड स्वच्छ ठेवावा हा त्यांचा आणखी एक नियम. आणि एवढं मोलाचं नियोजन चुरगळू नये, त्यावर चहा सांडू नये, वर्षभर टिकावं, म्हणून ते स्वतः तो कागद घेऊन मस्तगडला लॅमिनेशनच्या दुकानात गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या मशीनचा कागद शाईने छापला जात नसे. कागदच तसा होता, उष्णता लागली की काळा होणारा. पेटीच्या आत चटके देऊन देऊन त्यावर अक्षरं उठायची. आणि लॅमिनेशन म्हणजे दोन तापलेल्या रुळांमधून कागद काढणं. एका बाजूने आमचं वर्ष आत गेलं, दुसऱ्या बाजूने चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केलेला काळाकुट्ट अंधार बाहेर आला. दुकानदाराने तो उलटून बघितला, सुलटून बघितला, आणि दोन्हीकडे तेच होतं. दिगंबरराव तो घेऊन कारखान्यात आले आणि टेबलावर ठेवून बसले. रफिकभाईंनी जवळ जाऊन पाहिलं. "साब," ते म्हणाले, "प्लान की तो अमावस हो गई."

मी हसलो. एवढा हसलो की पॅकिंगच्या बायका उठून आल्या. दिगंबररावही हसले, जरा उशिराने. मग तोच काळा चौकोन त्यांनी वडिलांच्या फोटोखाली खिळ्याला टांगला. नियोजन परत लिहू म्हणाले, पण सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला सगळं आठवतंय. रफिकभाईंना आठवत होतं की साचा दाजींनी बनवायला सांगायचा आहे. मला आठवत होतं की साचा रफिकभाईंच्या नावावर निळ्याने लिहिलाय. दिगंबररावांना आठवत होतं की आम्हा दोघांना आठवतंय. पाऊस आला, कपाशीला औषध मारायचे दिवस आले, आणि आमचा साचा कुणीच सांगितलेला नव्हता. त्या हंगामात बाजार बाहेरच्या पंपांनी भरून गेला तो परत रिकामा झाला नाही. त्यानंतर आम्ही पंप सोडून नुसते नोझल आणि वायसर विकायला लागलो, दुसऱ्यांच्या पंपांचे.

मिटिंगा मात्र चालूच. वायसरवर काय वादळ करणार! वायसर म्हणजे मधे भोक असलेली रबराची चकती, तिचं भविष्य तेवढंच. पण दिगंबरराव दर सोमवारी बोर्डावर कपाटासारखी पाठ काढायचे आणि कमरपट्ट्यावर बोलायला लागायचे. पट्टा रुंद, पट्टा अरुंद, बक्कल पुढे, बक्कल मागे. पुण्यातला माझा पुतण्या सांगतो की आता तिकडे असले बोर्ड कॉम्प्युटरच्या आतच असतात, पिवळ्या चिठ्ठ्यासुद्धा आतच चिकटवतात, आणि ज्याला त्याला आपापल्या घरून मिटिंगला बसता येतं. म्हणजे हा रोग आता हवेतून पसरणार. आम्हाला निदान वसाहतीपर्यंत चालत जावं लागायचं, वाटेत परत फिरायची संधी तरी होती.

एका सोमवारी मला राहवलं नाही. खुर्ची मागे सारून उठलो आणि म्हटलं, "दिगंबरराव, इतक्या वर्षांत या बोर्डानं एक वायसर तरी बनवलंय का?" त्यांनी डस्टर घेतलं, माझी पाठ पुसली, कुंकवाचा कोपरा सोडून सगळा बोर्ड कोरा केला, आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी या दाजी." मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. फोन यायचा, मी नाही म्हणायचो. एवढंच की कुसुम सोमवारी सदरा इस्त्री करून खुंटीला लावायची थांबली नाही. मी चिडून विचारलं, जाणारच न्हाई तर कामून करती? म्हणाली, "कापडाला काय ठाव तुमचं भांडण."

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी फोन वाजला. मी या वेळी आधी ऐकून घेतलं. रेवती होती. म्हणाली, "काका, आज मिटिंग आहे. अकराला." मी म्हटलं, "पोरी, आता कसली मिटिंग?" ती म्हणाली, "शेजारचे कारखानेवाले शेड मागून राह्यलेत. द्यायचं की बाबांचा पंप करायचा, ते आज ठरवू. नंतर मला हिंमत होणार न्हाई." सदरा खुंटीला होता. घातला आणि गेलो.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. सासऱ्यांचा फोटो, खाली चकचकीत काळा चौकोन, आणि बोर्ड. दिगंबररावांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. रफिकभाई एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात बाहेरच्या एका प्लास्टिक पंपाच्या टाकीला बसवलेला कमरपट्टा घेऊन उभे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात दिगंबररावांनी तो स्वतः बसून शिवून घेतला होता म्हणे. म्हणजे मी मिटिंगला येत नव्हतो त्या दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागण्यासारखं तयार झालं होतं. मला बरं वाटलं की राग आला, हे अजून ठरत नाही. रफिकभाई म्हणाले, "दाजी, भरून ठेवलाय. साब म्हनले व्हते, पयला दाजींच्या पाठीवर."

मी पंप पाठीवर घेतला. पट्टा कमरेला आवळला. वसाहतीच्या रस्त्याने दांडा मारत चालत सुटलो, वाळलेल्या बाभळींवर, कुंपणावर, शेजाऱ्यांच्या फाटकावर पाण्याचा फवारा उडवत. लोक बघत होते. आयुष्यभर बघत आलेत. वळसा घालून परत आलो तेव्हा पंपाने सगळं पाणी माझ्या पाठीवरून खाली पायापर्यंत सोडलं होतं. पट्ट्यासाठी टाकीला भोकं पाडलेली, तिथून गळती. इस्त्रीचा सदरा चिंब. हा आमच्या मेहुण्यांचा आयुष्यातला एकमेव पंप, आणि तो शेताआधी शेतकऱ्याला औषध पाजणारा. मी दात ओठ खात खोलीत शिरलो, सवयीने लाल पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत लिहायला हात वर केला.

"काका," रेवती म्हणाली, "लाल छापून येत न्हाई."

तिने माझ्या हातातलं लाल पेन काढून घेतलं आणि निळं दिलं. मी त्याच तिरीमिरीत लिहून मोकळा झालो, 'कमरेपाशी गळतं. भोकं पाडायची नाहीत, पट्टा टाकीच्या बाहेरून घ्यायचा.' तिने बटण दाबलं. पडदा सरकला, कोपऱ्यातलं कुंकू बाजूला गेलं आणि परत आलं, पेटीतून कागद निघाला. माझी अडचण पहिल्यांदा छापून आली होती, ठळक, काळी. रफिकभाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि दाढीत हसायला लागले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की निळ्याने ज्याचा हात पडतो, काम त्याचं असतं. माणूस जाऊनसुद्धा त्याचे नियम राहतात, याची मला भयंकर चीड आहे. रेवतीने शेजारच्यांना काय निरोप पाठवला ते मी विचारलं नाही. ती कागदाची घडी न घालता, तो दोन्ही हातांत धरून, बापाच्या खुर्चीवर बसली होती.

घरी आलो तर कुसुम दारातच. माझ्या अवताराकडे तिने वरून खालपर्यंत पाहिलं. मी बूट काढता काढताच सुरू झालो. म्हटलं, "गळतो. तुझ्या दादाचा पंप गळतो. एवढी वर्षं बोर्ड रंगवला आन् शेवटी हे. पार भिजवलं मला."

"आन् खांदा?" तिने विचारलं.

मी खांदा हलवून पाहिला. एकदा हा, एकदा तो. "खांदा... न्हाई बोलला," मी म्हटलं.

तिने पदराने डोळे टिपले असतील, मी बुटांकडे बघत होतो. मग तिने हात पुढे केला.

"सदरा काढा," ती म्हणाली. "उद्याला इस्त्रीला वाळला पाहिजे."